‘वाय’ दाबण्याआधी: डिस्क बिघडलेल्या लिनक्स सर्व्हरमधून डेटा कसा सोडवावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सेलूजवळच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यातील उबुंटू सर्व्हर आपण सांभाळता. सिस्टिम एका छोट्या एसएसडीवर आहे आणि वजनकाट्याच्या नोंदी, शेतकऱ्यांच्या पट्ट्या व हिशोब यांचा मायएसक्यूएल डेटाबेस २ टीबीच्या वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक्स्ट४ फाइलसिस्टिममध्ये (डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या रचनेत) आहे. परवा रात्री दोनदा लाइट गेली आणि सकाळी सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये येऊन थांबला. डेटाच्या विभाजनात (पार्टिशनमध्ये) अनपेक्षित विसंगती आढळली असून एफएससीके, म्हणजे फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम, हाताने चालवावा, असे पडद्यावर लिहून आले. ओळखीच्या एका तंत्रज्ञाने ‘एफएससीके वाय पर्यायासह चालवा, दहा मिनिटांत सुरू होईल’ असा सल्ला दिला आहे; ‘वाय’ म्हणजे त्याच्या प्रत्येक प्रश्नाला आपोआप ‘हो’. शेवटचा बॅकअप धुळवडीच्या आदल्या दिवशीचा, म्हणजे बारा दिवसांपूर्वीचा आहे. मार्चअखेर तोंडावर असल्यामुळे काटा बंद ठेवता येत नाही. तर ही कमांड चालवावी का, आणि काम होईपर्यंत सर्व्हर तसाच चालू ठेवता येईल का, असे आपण विचारले आहे.

दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. आपण सोबत जोडलेल्या माहितीतील दोन ओळी पाहिल्यावर मला ते ठामपणे म्हणता येते. कमांडची नावे मी येथे उच्चाराप्रमाणे लिहीत आहे. टाइप करताना ती अर्थातच मूळ अक्षरांत लिहावीत.

पहिली ओळ डीमेसेजमधली, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) संदेशांतली आहे. एसडीबी या डिस्कवर ९,७६,५०,६८८ क्रमांकाचा सेक्टर (डिस्कवरचा छोटा तुकडा) वाचताना इनपुट-आउटपुट एरर आल्याचे कर्नल सांगत आहे. दुसरी ओळ स्मार्टसीटीएलच्या, म्हणजे डिस्कच्या प्रकृतीच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडच्या, तक्त्यातली आहे. त्यात १९७ क्रमांकाच्या गुणधर्मापुढे, म्हणजे ‘करंट पेंडिंग सेक्टर’पुढे, ३१२ हा आकडा आहे, १९८ पुढेही तोच आहे आणि ५ क्रमांकापुढे, म्हणजे बदली दिलेल्या सेक्टरांपुढे, ४८ आहे. तक्त्याच्या वर डिस्कचा एकंदर निकाल ‘पास्ड’ असा छापलेला आहे आणि त्यावरून आपण डिस्क चांगली असल्याचे गृहीत धरले आहे. या ‘पास्ड’वर कधीही विसंबू नये. डिस्क बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेली मर्यादा ओलांडली की नाही एवढेच तो शब्द सांगतो, आणि शेकडो सेक्टर वाचता येत नसतानाही तो तसाच दिसत राहिलेला मी अनेकदा पाहिला आहे. आपल्या तक्त्यात १९९ क्रमांकापुढे शून्य आहे हेही महत्त्वाचे. तो आकडा वाढत असता तर मी आधी साटा केबल बदलायला सांगितली असती, कारण तो डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या वाटेवरचे दोष मोजतो. येथे वाट ठीक आहे, डिस्कचा पृष्ठभाग बिघडला आहे.

तेव्हा आपल्यापुढे दोन वेगळे बिघाड एकावर एक बसलेले आहेत. खाली डिस्क मरू लागली आहे आणि त्यामुळे वरची फाइलसिस्टिम विसंगत झाली आहे. नुसती लाइट गेली असती तर एक्स्ट४चे जर्नल बहुधा पुरेसे ठरले असते. फाइलसिस्टिमच्या रचनेतले बदल आधी जर्नलमध्ये लिहिले जातात आणि पुढच्या माउंटच्या, म्हणजे फाइलसिस्टिम वापरासाठी जोडण्याच्या, वेळी अर्धवट राहिलेले बदल पूर्ण केले जातात किंवा सोडून दिले जातात. मात्र डिस्कने लिहून घेतलेले नीट ठेवले आहे, या गृहीतकावरच जर्नल उभे असते. ते गृहीतकच कोसळल्यावर फाइलसिस्टिमवर उपचार करत बसणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

आता ‘वाय’ पर्यायाविषयी, कारण सर्वांत जास्त नुकसान येथेच होते. एफएससीकेचे काम फाइलसिस्टिम सुसंगत करणे हे आहे. तुमचा डेटा वाचवणे हे त्याचे काम नाही. जी नोंद जुळत नाही ती काढून टाकली तरी सुसंगती साधते आणि ते समाधानाने पुढे जाते. निरोगी डिस्कवर हे बहुतेक वेळा चालून जाते. खराब सेक्टर असलेल्या डिस्कवर मात्र प्रत्यक्षात काय घडते ते जवळून पाहू. एखादा ब्लॉक (सलग सेक्टरांचा गट) वाचता आला नाही की ईटूएफएससीके, म्हणजे एक्स्ट४साठीचे एफएससीके, दोन प्रश्न विचारते. पहिला, ही चूक दुर्लक्षित करू का, आणि दुसरा, हा ब्लॉक जबरदस्तीने पुन्हा लिहू का. ‘वाय’ पर्याय दिलेला असेल तर दोन्हींना आपोआप होकार जातो. ज्या सेक्टरला ‘पेंडिंग’ म्हटले जाते तो डिस्कला आत्ता वाचता येत नाही, पण सातव्या किंवा विसाव्या प्रयत्नात वाचता येण्याची शक्यता शिल्लक असते. त्यावर नवे काही लिहिले गेले, की डिस्क तो जुना सेक्टर बाजूला टाकून राखीव जागेतला सेक्टर त्याच्या जागी आणते, किंवा जागा सावरली असेल तर तेथेच नवे लिहिते. कोणत्याही मार्गाने गेले तरी जुना मजकूर आपल्याला पुन्हा दिसत नाही. विशेष म्हणजे त्यानंतर १९७ पुढचा आकडा खाली येतो आणि पाहणाऱ्याला डिस्क सुधारल्यासारखी वाटते.

तो ब्लॉक आयनोडच्या (प्रत्येक फाइलची माहिती आणि जागा सांगणाऱ्या नोंदीच्या) तक्त्यातला असेल तर हिशोब आणखी वाईट होतो. ४,०९६ बाइटांच्या एका ब्लॉकमध्ये २५६ बाइटांचे १६ आयनोड मावतात, म्हणजे एका होकारात १६ फाइली किंवा फोल्डर बेपत्ता होऊ शकतात. त्यांतला एखादा आयनोड मोठ्या फोल्डरचा असेल तर त्याच्या पोटातले सगळे नाव गमावून लॉस्ट-अँड-फाउंड या बेवारस फाइलींच्या फोल्डरमध्ये जाऊन पडते आणि तेथे प्रत्येक फाइलचे नाव म्हणजे हॅशचे चिन्ह आणि पुढे आयनोडचा क्रमांक, इतकेच उरते. हे मी पुस्तकी ज्ञानावरून सांगत नाही. नांदेडला कामाला सुरुवात केली त्या दिवसांत एका कार्यालयाच्या सर्व्हरवर मी स्वतः रात्री हा पर्याय चालवला आणि निवांत घरी गेलो. सकाळी फाइलसिस्टिम स्वच्छ होती, माउंटही झाली, पण कागदपत्रांच्या फोल्डरच्या जागी काही हजार अनामिक फाइली होत्या. ‘फाइल’ या कमांडने कोणती पीडीएफ आणि कोणती चित्र हे कळते, ते कोणाचे हे कळत नाही. ती नावे पुन्हा लावण्यात तिथल्या दोन लिपिकांचे जवळजवळ तीन आठवडे गेले, आणि त्यांनी मला चहा देणे मात्र कधी थांबवले नाही, याची लाज आजही वाटते.

सर्व्हर काही दिवस तसाच रेटण्याचा विचारही सोडून द्यावा. वाचताना येणारी चूक निदान दिसते तरी. लिहितानाची चूक अनेकदा दिसतही नाही. २०१८ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या विकासकांच्या लक्षात आले की लिनक्समध्ये एफसिंक (मेमरीतला डेटा डिस्कवर उतरवण्याची विनंती) एकदा अपयशी ठरल्यावर कर्नल मेमरीतली ती पाने ‘लिहून झाली’ अशी समजू शकते आणि पुढचा एफसिंक यशस्वी म्हणून परत येतो, प्रत्यक्षात मात्र डेटा डिस्कवर पोहोचलेलाच नसतो. त्यानंतर त्यांनी अशा प्रसंगी डेटाबेस थेट बंद पाडण्याचे धोरण स्वीकारले. आपला डेटाबेस वेगळा असला तरी बोध तोच आहे: मरणाऱ्या डिस्कवर घेतलेली नवी नोंद ही नोंद झाली असे धरू नये. काट्यावर दोन दिवस कार्बन लावलेले पावतीपुस्तक ठेवावे. आपल्या भागातले काटेवाले ते विसरलेले नसतात, आणि शेतकऱ्यालाही हातात कागद मिळाल्याशी मतलब असतो.

आता प्रत्यक्ष कृती. सर्व्हर बंद करा आणि डेटाची डिस्क काढून घ्या. सिस्टिम एसएसडीवर असल्यामुळे एफएसटॅब या, सुरू होताना जोडायच्या डिस्कांची यादी असलेल्या फाइलमधली डेटा डिस्कची ओळ हॅश लावून निष्क्रिय केली की सर्व्हर तिच्याशिवाय सुरू होईल. पुढे ती ओळ परत घालताना तिच्यात ‘नोफेल’ हा पर्याय घाला, म्हणजे डेटा डिस्क रुसली तरी निदान यंत्र लॉगिनपर्यंत पोहोचते. बिघडलेली डिस्क दुसऱ्या संगणकाला थेट साटा केबलने जोडा. यूएसबीची डबी वापरू नका, कारण स्वस्त डब्या खराब सेक्टर आला की स्वतःच रीसेट होतात आणि डिस्क मधूनच नाहीशी होते. सोबत निदान ४ टीबीची एक चांगली डिस्क हवी आणि ती एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमने फॉरमॅट केलेली असावी; त्याचे कारण पुढे येईल. संगणक सिस्टिमरेस्क्यूसारख्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून सुरू करा आणि बिघडलेल्या डिस्कवरचे कोणतेही विभाजन माउंट करू नका. फक्त वाचण्यासाठी माउंट केले तरी एक्स्ट४ आपले जर्नल पूर्ण करण्यासाठी डिस्कवर लिहिते, ही गोष्ट अनुभवी माणसेही विसरतात.

त्यानंतर एलएसबीएलके कमांडने प्रत्येक डिस्कचे आकारमान, मॉडेल आणि सिरियल क्रमांक पडद्यावर आणा आणि डिस्कवर चिकटवलेल्या लेबलशी ताडून पाहा. एसडीए, एसडीबी ही नावे प्रत्येक वेळी बदलू शकतात. रिकामी डिस्क मूळ समजून भरलेल्या डिस्कवर ओतण्याचा प्रकार कोणाच्याही हातून होऊ शकतो, आणि त्यावर इलाज नाही. मी कागदावर ‘कोठून’ आणि ‘कोठे’ असे लिहून दोन्हींचे सिरियल क्रमांक त्यापुढे मांडतो, एंटर दाबण्याआधी बाजूला असलेल्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला लावतो.

प्रत काढण्यासाठी जीएनयूचे डीडीरेस्क्यू वापरा. डेबियन व उबुंटूमध्ये त्याच्या पॅकेजचे नाव जीडीडीरेस्क्यू आहे. मिळत्याजुळत्या नावाचे अंडरस्कोर असलेले दुसरे साधनही आहे, त्याचे पर्याय वेगळे आहेत. डिस्कची जशीच्या तशी प्रत काढणारे साधे डीडी खराब सेक्टरशी येऊन थांबते किंवा तेथेच डोके आपटत राहते. डीडीरेस्क्यू मात्र शहाण्या कापूस वेचणाऱ्यासारखे वागते: सरळ हाताला येणारे आधी गोळा करते, अडचणीचा भाग ओलांडून पुढे जाते आणि त्याकडे शेवटी परत येते. कोणता भाग घेतला, कोणता राहिला, याची नोंद ते मॅपफाइल नावाच्या एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवते. पहिल्या फेरीत त्याला ‘एन’ पर्याय द्या, म्हणजे खराब भाग खरवडत बसण्याचा टप्पा ते वगळेल. मूळ म्हणून पूर्ण डिस्क, लक्ष्य म्हणून ४ टीबीच्या डिस्कवरील इमेज फाइल (पूर्ण डिस्कची एका फाइलमधली प्रत) आणि तिसऱ्या जागी मॅपफाइलचे नाव, एवढीच ती कमांड आहे.

मॅपफाइल कोठे ठेवता हे आपल्या भागात फार महत्त्वाचे. लाइव्ह पेन ड्राइव्हवर सुरू झालेल्या सिस्टिमचे होम फोल्डर मेमरीत असते; तेथे मॅपफाइल ठेवली आणि मध्येच लाइट गेली तर इमेज राहील, पण तिच्यातला कोणता भाग खरा आणि कोणता न वाचलेला हे सांगणारी नोंद जाईल. ती इमेजशेजारी, ४ टीबीच्या डिस्कवरच ठेवा. मग कितीदाही लाइट गेली तरी तीच कमांड जशीच्या तशी पुन्हा द्यायची, काम जेथे थांबले त्याच्या आसपासपासून पुढे सुरू होते. जिनिंगमध्ये प्रेसची मोटर उचलते तेव्हा विजेचा दाब क्षणभर खाली बसतो, हे आपण माझ्यापेक्षा जास्त पाहिले असेल. म्हणून हे काम कारखान्याच्या लाइनवर न करता घरी किंवा गावातल्या दुकानात, चांगल्या यूपीएसवर करावे.

सेकंदाला सरासरी १२० एमबी या वेगाने २ टीबीची प्रत काढायला साडेचार तासांच्या थोडे वर लागतात. खराब भाग आला की वेग काही केबीवर येतो आणि पडद्यावरचा ‘उरलेला वेळ’ काही तासांवरून काही दिवसांवर उडी मारतो. शेठजी दर अर्ध्या तासाला विचारतील. तो आकडा त्यांना दाखवू नका, तो पुन्हा खाली येतो. आपण लक्ष द्यायचे ते दोन गोष्टींकडे. एक, ‘रेस्क्यूड’पुढची टक्केवारी वाढते आहे ना. दुसरी, डिस्कचे तापमान. मार्चअखेरच्या दुपारी खोलीच ३८-४० अंशांवर असते आणि बहुतेक हार्ड डिस्कची चालू अवस्थेतील कमाल मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते. डिस्क (तिचे झाकण न उघडता) मोकळ्या हवेत ठेवून तिच्यावर टेबल फॅन लावावा आणि जमल्यास काम रात्री करावे. फॅनसमोर सरकी-कापसाचे तंतू नसावेत, एवढे पाहावे. डिस्कमधून नियमित ‘टक-टक’ असा आवाज येऊ लागला तर मात्र लगेच वीज काढा. तो हेडचा बिघाड आहे आणि त्यानंतरचे काम धूळमुक्त खोली असलेल्या प्रयोगशाळेचे आहे. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा तोडगा कोणी सुचवेल. तो ऐकून घ्यावा आणि सोडून द्यावा.

पहिली फेरी संपल्यावर तीच मॅपफाइल देऊन दुसरी फेरी घ्या. या वेळी थेट वाचनाचा ‘डी’ पर्याय आणि ‘आर’ पर्यायात तीन पुनर्प्रयत्न द्या. ३१२ सेक्टर म्हणजे १ लाख ५९ हजार ७४४ बाइट, साधारण १५६ केबी. त्यातले बरेचसे या फेरीत हाती लागतील अशी आशा करायला हरकत नाही, पण हा आकडा अंतिम समजू नये. डिस्कने आतापर्यंत जे वाचून पाहिले त्यातलाच तो आहे. यानंतर मूळ डिस्कवर आजची तारीख लिहून ती कपाटात ठेवा. पुढचे सर्व काम इमेजवर.

एक्सएफएस वापरायला सांगितले ते येथे उपयोगी पडते. त्यावर सीपी कमांडला रीफ्लिंकचा पर्याय दिला, की दोन टीबीच्या इमेजची प्रत क्षणात तयार होते आणि जागाही जवळजवळ लागत नाही, कारण बदललेले ब्लॉकच काय ते वेगळे साठवले जातात. म्हणजे मूळ इमेजला हात न लावता पाहिजे तेवढ्या प्रतींवर प्रयोग करता येतात आणि फसलेली प्रत पुसून नवी घेता येते. मी इमेज फाइलची लिहिण्याची परवानगीच काढून टाकतो आणि सगळे प्रयोग प्रतींवर करतो.

पहिल्या प्रतीला लॉसेटअपने लूप डिव्हाइस म्हणून (फाइल असूनही डिस्क असल्यासारखे), फक्त वाचण्यापुरते जोडा. ‘पी’ पर्याय दिला म्हणजे आतली विभाजनेही दिसतात. ‘फक्त वाचन’ आणि ‘नोलोड’ हे दोन पर्याय देऊन ती माउंट होते का पाहा. ‘नोलोड’मुळे जर्नल पूर्ण करण्याचा प्रयत्न टळतो. ती माउंट झाली, तर सर्वांत आधी मायएसक्यूएलचे संपूर्ण डेटा फोल्डर, त्यातल्या आयबीडी फाइली, सामायिक टेबलस्पेस, रीडू लॉग आणि बिनलॉग (डेटाबेसमधले बदल क्रमाने लिहिलेल्या फाइली) यांसह दुसरीकडे उतरवून घ्या. जर्नलमधले शेवटचे बदल या प्रतीत नसतील, म्हणून दुसरी प्रत लागते: तिच्यावर ईटूएफएससीके चालवा. आधी ‘एन’ पर्यायाने, म्हणजे काहीही न बदलता, आणि येणारा मजकूर फाइलमध्ये साठवून वाचा. या पर्यायात जर्नल वगळले जात असल्यामुळे चुका खऱ्यापेक्षा जास्त दिसतात, त्याने घाबरू नये. नंतर त्याच प्रतीवर, हवे तर ‘वाय’ देऊनही, दुरुस्ती करा. इमेजच्या प्रतीवर हा पर्याय निरुपद्रवी आहे. लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये काय पडले ते पाहून पहिल्या प्रतीशी तुलना करता येते, आणि कोणते नाव कोणत्या आयनोडचे होते हे बरेचदा तेथेच सापडते.

सुपरब्लॉकच (फाइलसिस्टिमची मूलभूत माहिती असलेला ब्लॉक) वाचता येत नसल्याचा, ‘मॅजिक नंबर’ चुकीचा असल्याचा संदेश आला तर हात-पाय गाळू नयेत. एक्स्ट४ सुपरब्लॉकच्या प्रती ठेवते. ब्लॉकचा आकार ४,०९६ बाइट असेल तर त्या ३२,७६८, ९८,३०४, १,६३,८४० अशा ब्लॉकांवर असतात. ईटूएफएससीकेला ‘बी’ पर्यायाने त्यातला एक क्रमांक द्यायचा. या जागा शोधण्यासाठी एमकेईटूएफएस ‘एन’ पर्यायासह चालवण्याची पद्धत आहे, पण तो ‘एन’ विसरला तर नवी फाइलसिस्टिम तयार होते; म्हणून तीही प्रतीवरच वापरावी.

जे सेक्टर शेवटपर्यंत वाचले गेले नाहीत ते कोणत्या फाइलीत होते हे शोधणे कंटाळवाणे असले तरी अवघड नाही. आपल्याच ओळीतला सेक्टर घेऊ. ९,७६,५०,६८८ मधून विभाजनाची सुरुवात २,०४८ वजा केली की ९,७६,४८,६४० उरतात. एका ब्लॉकमध्ये ५१२ बाइटांचे ८ सेक्टर असल्यामुळे ८ ने भागले की १,२२,०६,०८० हा फाइलसिस्टिममधला ब्लॉक मिळतो. डीबगएफएस या एक्स्ट४ची आतली रचना दाखवणाऱ्या साधनात आयचेकला हा क्रमांक दिला की तो आयनोड सांगते, आणि एनचेकला तो आयनोड दिला की फाइलचा मार्ग मिळतो. आयचेकने आयनोड सापडला नाही असे सांगितले तर ती जागा बहुधा रिकामी होती किंवा फाइलसिस्टिमच्या स्वतःच्या रचनेतली होती. सेक्टर शेकड्यांनी असतील तर एकेक करत बसू नका. डीडीरेस्क्यूचा भरणा करण्याचा पर्याय वापरून एका वेगळ्या प्रतीत न वाचलेल्या सर्व जागी ओळखीचा एखादा शब्द भरा, ती प्रत फक्त वाचण्यासाठी माउंट करा आणि ग्रेप या शोधाच्या कमांडने तो शब्द शोधा. ज्या फाइलींत तो सापडेल त्या बाधित.

आता डेटाबेस. आपल्याजवळ बारा दिवसांपूर्वीचा डंप, म्हणजे डेटाबेसचा तो बॅकअप, आहे आणि मायएसक्यूएल ८ मध्ये बिनलॉग मुळातच चालू असून, सेटिंग बदललेले नसेल तर ३० दिवस ठेवला जातो. म्हणजे धुळवडीनंतरची प्रत्येक पट्टी बिनलॉगमध्ये क्रमाने लिहिलेली आहे. २ टीबीच्या डिस्कवरचा खरा जीव त्या काही मोजक्या फाइलींत आहे, आणि त्या शाबूत निघाल्या तर बाकीचे मोडके डेटाबेस दुरुस्त करण्याची गरजच पडणार नाही. नव्या यंत्रावर त्याच आवृत्तीचे मायएसक्यूएल बसवा, डंप चढवा आणि मायएसक्यूएलबिनलॉग वापरून डंपनंतरचे व्यवहार त्यावर चालवा. डंपच्या सुरुवातीला बिनलॉग फाइलचे नाव आणि स्थान लिहिलेले असेल तर तेथून सुरुवात करा. ते नसेल तर वेळेवरून सुरुवात ठरवावी लागेल, आणि सीमेवरच्या काही नोंदी दुहेरी येत असल्याच्या चुका दिसतील. त्या हाताने तपासाव्या लागतील.

बिनलॉगच खराब निघाला तर दुसरा मार्ग उरतो. वाचवलेले डेटा फोल्डर वेगळ्या यंत्रावर ठेवून इनोडीबी फोर्स रिकव्हरी या, बिघडलेला डेटाबेस जबरदस्तीने सुरू करण्याच्या सेटिंगची किंमत १ द्या, डेटाबेस उठतो का पाहा. नाही उठला तर २, मग ३. चार आणि त्यापुढच्या किमती डेटा फाइली कायमच्या बिघडवू शकतात, म्हणून तेथे जाण्याआधी फोल्डरची आणखी एक प्रत काढा. डेटाबेस उठला की त्यात काम सुरू करायचे नाही. एकेक टेबल मायएसक्यूएलडंपने बाहेर काढायचे आणि नव्या यंत्रात घालायचे. एखादे टेबल मध्येच डेटाबेस पाडत असेल तर प्राथमिक कळीचे (प्रत्येक ओळीच्या ओळख-क्रमांकाचे) टप्पे करून अलीकडच्या व पलीकडच्या ओळी काढता येतात आणि नुकसान एखाद्या पानापुरते आवरते. ते पान कोणत्या पट्ट्यांचे होते हे काट्यावरच्या कार्बन प्रतींवरून भरून काढावे.

आपल्यासारख्याच अडचणीत असलेल्या ज्यांच्याकडे एक्स्ट४ऐवजी एक्सएफएस आहे, त्यांच्यासाठी इतकेच सांगतो की तेथे एफएससीके चालवून काही होत नाही. ते काहीही न करता यशस्वी झाल्याचे सांगून परत येते. तेथे एक्सएफएस रिपेअर वापरावे लागते, आधी ‘एन’ पर्यायाने. लॉग पूर्ण करण्यासाठी एकदा माउंट करून काढा असे ते सांगते, ते ऐकावे. मोठ्या ‘एल’चा पर्याय लॉग पुसून टाकतो आणि त्यातले न उतरलेले बदल जातात, म्हणून तो सर्वांत शेवटी, आणि अर्थातच प्रतीवर.

रेडविषयी आपण ओझरते विचारले आहे. नव्या मांडणीत दोन डिस्कांचे रेड १ (दोन्हींवर तोच डेटा एकाच वेळी लिहिण्याची सोय) जरूर करा, पण त्याला बॅकअप म्हणू नका. चुकीने पुसलेले टेबल दोन्ही डिस्कांवरून एकाच क्षणी पुसले जाते. डिस्क घेताना रेडसाठीच्या घ्याव्यात. साध्या डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचण्यासाठी मिनिटभर किंवा त्याहून जास्त झगडत बसतात, लिनक्सचा मुळातला कमाल प्रतीक्षाकाळ ३० सेकंदांचा आहे, आणि या ओढाताणीत एका सेक्टरपायी पूर्ण डिस्क रेडमधून बाहेर फेकली जाते. रेडच्या डिस्क साधारण सात सेकंदांत हार मानतात. रेड कधी तुटलाच तर एमडीएडीएम या लिनक्समधल्या रेडच्या साधनात जोडणीची कमांड द्यावी. नव्याने निर्मितीची कमांड क्रम किंवा आकार चुकला तर उरलेले सगळे घालवते.

सर्व्हरच्या जागेबद्दल आपण पाठवलेल्या छायाचित्रात यंत्राच्या जाळीवर कापसाचा पांढरा थर स्पष्ट दिसतो. तो आठवड्याला झटकण्याऐवजी सर्व्हर प्रेसच्या बाजूच्या खोलीतून कार्यालयात हलवावा. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून एनयूटी हे यूपीएसवर लक्ष ठेवणारे सॉफ्टवेअर बसवले म्हणजे बॅटरी संपत आली की डेटाबेस आपोआप नीट बंद होतो. बहुतेक ठिकाणी ती केबल खोक्यातच पडून असते. डिस्कच्या प्रकृतीवर सतत नजर ठेवणारे स्मार्टडी चालू करून १९७ व १९८ वाढले की ईमेल येईल अशी सोय करावी, आणि रोजचा डंप रात्री दुसऱ्या यंत्रावर जावा. महिन्यातून एकदा तो डंप खरोखर चढवून पाहावा आणि त्यातली शेवटची पट्टी काट्याच्या पावतीशी जुळते का तपासावी.

शेवटी, जुनी डिस्क फॉरमॅट करून सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरला लावता येईल का, असे शेठजींनी विचारल्याचे आपण लिहिले आहे. मार्चअखेरचा हिशोब जुळून लेखापरीक्षण पूर्ण होईपर्यंत ती कपाटातून बाहेर काढू नये, कारण एखादी नोंद राहिल्याचे तेव्हाच लक्षात येते. त्यानंतरही रेकॉर्डरला लावू नये. शेतकऱ्यांची बँक खाती तिच्यावर आहेत. डीडीने ती पूर्ण शून्यांनी भरून घ्यावी, मात्र बाजूला टाकलेल्या ४८ सेक्टरांपर्यंत असे लिहिणे पोहोचत नाही, म्हणून मग ती फोडून भंगारात द्यावी.